मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे चित्र आणि त्यामागील जनुके

मनुष्याच्या शरीरात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर असते. आकाराने ही इंद्रिये लहान असली, तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. हे रक्त गाळण्याचे काम प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे दहा लक्ष सूक्ष्म घटक अहोरात्र करीत असतात. या घटकांना नेफ्रॉन असे म्हणतात. गाळलेला द्रव नेफ्रॉनच्या नागमोडी नलिकांतून वाहतो, त्यातील उपयुक्त पदार्थ पुन्हा रक्तात शोषले जातात, आणि जे उरते ते मूत्ररूपाने बाहेर टाकले जाते. मूत्रपिंडाचे जे कर्करोग प्रौढ वयात आढळतात, त्यांपैकी बहुतेक या नलिकांच्या अस्तरातील पेशींपासूनच उद्भवतात.

मूत्रपिंडे उदराच्या मागील भागात खोल दडलेली असल्यामुळे त्यांतील अर्बुद पुष्कळ काळ कोणताही त्रास न देता वाढू शकते. आज अशी कित्येक अर्बुदे अकस्मात सापडतात. पोटदुखीसाठी किंवा पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफी अथवा सीटी स्कॅन केला जातो आणि मूत्रपिंडात एक गाठ दिसते. तेथून प्रश्नांची मालिका सुरू होते. ही गाठ कर्करोगाची आहे काय? असल्यास ती कोणत्या प्रकारची? ती तातडीने काढली पाहिजे, की काही काळ तिच्यावर नजर ठेवणे पुरेसे आहे?

या प्रश्नांची खरी उत्तरे पेशीच्या केंद्रकातील जनुकांत लिहिलेली असतात. डॉक्टरांच्या हाती मात्र त्या वेळी असते केवळ एक चित्र. चित्रावरून जनुकांविषयी काही अनुमान करता येईल काय, याचा अभ्यास गेल्या काही वर्षांत एका स्वतंत्र शाखेच्या रूपाने पुढे आला आहे. या शाखेला रेडिओजीनोमिक्स असे नाव असून मराठीत तिला 'चित्र-जनुक-संबंधशास्त्र' म्हणता येईल. मूत्रपिंडाचा कर्करोग हे या शास्त्राचे एक उत्तम उदाहरण आहे. कारण येथे जनुकापासून चित्रापर्यंतच्या साखळीचे बरेचसे दुवे शास्त्रज्ञांना ठाऊक झालेले आहेत.

एक नाव, अनेक रोग

'मूत्रपिंडाचा कर्करोग' हे एकच नाव असले, तरी त्याखाली अनेक भिन्न रोगांचा समावेश होतो. १८८३ साली जर्मन विकृतिवैज्ञानिक पाउल ग्राविट्झ याने या अर्बुदांतील फिकट, मेदयुक्त पेशी पाहून त्यांचे मूळ मूत्रपिंडाच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या भरकटलेल्या ऊतकात असावे असा तर्क केला. तो तर्क पुढे चुकीचा ठरला. परंतु या पेशींचे वेगळेपण त्याच्या नजरेने अचूक टिपले होते.

आज आपण या फिकट पेशींच्या अर्बुदास 'स्वच्छपेशी' प्रकार म्हणतो. मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश या प्रकारचे असतात. त्यांच्या पेशींत मेद व ग्लायकोजेन यांचा मोठा साठा असतो. सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्टी तयार करताना हे पदार्थ विरघळून जातात आणि पेशी रिकाम्या, पारदर्शक भासतात. म्हणून हे नाव. दुसरा प्रकार 'अंकुरकी' होय. यात पेशींची रचना बोटांसारख्या बारीक अंकुरांवर झालेली असते. तिसरा, 'क्रोमोफोब' नावाचा प्रकार, त्याहून विरळ असून त्याच्या पेशी प्रयोगशाळेतील रंग फिकटच घेतात. यांखेरीज अनेक दुर्मिळ प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात तर काही प्रकारांची व्याख्याच बिघडलेल्या जनुकावरून केलेली आहे.

या प्रकारांची जनुकीय कुंडली निरनिराळी असते. स्वच्छपेशी प्रकारात बहुतेक वेळा तिसऱ्या गुणसूत्राची आखूड भुजा नाहीशी झालेली असते. अंकुरकी प्रकारात सातव्या व सतराव्या गुणसूत्रांच्या जादा प्रती वारंवार आढळतात. सातव्या गुणसूत्रावर मेट नावाचे जनुक असून, त्यातील वारशाने आलेला बिघाड एका आनुवंशिक अंकुरकी कर्करोगास कारणीभूत असल्याचे १९९७ साली सिद्ध झाले. क्रोमोफोब प्रकारात क्रमांक १, २, ६, १०, १३ व १७ ही संपूर्ण गुणसूत्रे एकेका प्रतीने कमी झालेली असतात. तेव्हा एकाच इंद्रियात उद्भवलेले हे रोग मुळापासूनच वेगळे आहेत.

एका जनुकाची कथा

जनुक आणि चित्र यांचा संबंध समजण्यासाठी व्हीएचएल या एका जनुकाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे. जर्मन नेत्रवैद्य ऑयगन फॉन हिप्पेल याने १९०४ साली नेत्रपटलावरील रक्तवाहिन्यांच्या गाठींचा एक विकार वर्णिला. स्वीडनच्या आर्विड लिंडाउ याने १९२६ साली तशाच गाठी लहान मेंदूत व मज्जारज्जूतही होतात, हे दाखवून दिले. या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालतो. बाधित मातापित्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो, आणि अशा व्यक्तींच्या मूत्रपिंडांत स्वच्छपेशी अर्बुदे वारंवार उद्भवतात. या कुटुंबांच्या अभ्यासातून अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दोषी जनुक शोधून काढले. ते तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. पुढे असेही आढळले की, ज्यांच्या घराण्यात हा विकार नाही, अशा रुग्णांच्या स्वच्छपेशी अर्बुदांतही बहुतांशी हेच जनुक निकामी झालेले असते.

या जनुकाचे निरोगी पेशीतील कार्य मोठे मनोरंजक आहे. पेशीला प्राणवायू कमी पडू लागला की, तिच्यातील एचआयएफ नावाचे प्रथिन टिकून राहते व संकटकाळची जनुके चालू करते. त्यांच्या आज्ञेने नव्या रक्तवाहिन्या वाढविणारी द्रव्ये स्रवतात, साखरेचा वापर वाढतो, रक्तातील तांबड्या पेशींची निर्मिती वाढविणारे संप्रेरक निर्माण होते. प्राणवायू पुरेसा असेल तेव्हा या प्रथिनावर एक रासायनिक खूण होते. ती खूण ओळखून व्हीएचएल प्रथिन त्याला नाशाच्या मार्गाला लावते. ही यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता व्हीएचएल जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, तर काय होईल? एचआयएफचा नाश करणारा पहारेकरीच उरत नाही. पेशीभोवती प्राणवायू भरपूर असतानाही ती गुदमरल्यासारखी वागू लागते. नव्या रक्तवाहिन्यांची मागणी एकसारखी चालू राहते आणि अर्बुदात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरते. म्हणजे केंद्रकात झालेल्या एका सूक्ष्म बिघाडाचा परिणाम आता मिलिमीटर व सेंटिमीटर यांच्या मापात आला. जी वस्तू या मापात आली, ती चित्रात दिसू शकते.

चित्र कसे तयार होते

विल्हेल्म राँटगेन याने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात शरीराचे सर्व थर एकमेकांवर पडतात आणि मूत्रपिंडासारखे मऊ इंद्रिय स्पष्ट उमटत नाही. हा अडसर इंग्लंडच्या गॉडफ्रे हाऊन्सफील्ड याने दूर केला. अनेक दिशांनी किरण सोडून, त्यांच्या मोजमापांवरून गणकयंत्राच्या साहाय्याने शरीराच्या आडव्या छेदाचे चित्र रचण्याची पद्धत त्याने प्रत्यक्षात आणली. १९७१ साली लंडनमध्ये या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. लोकांच्या तोंडी रूढ झालेला 'सीटी स्कॅन' तो हाच. या संदर्भात भारतीय वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. अशी चित्रे गणिताने त्वरेने व अचूक रचण्याची एक रीत जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी, १९७१ साली, प्रसिद्ध केली. तिच्यातील गणिती गाळणी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

सीटी चित्रातील प्रत्येक बिंदूला एक अंक असतो. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १००० असे हे मोजमाप आहे. मेदाचा अंक शून्याखाली असतो, तर मऊ ऊतकाचा शून्याच्या थोडा वर. केवळ एवढ्याने अर्बुदाचा प्रकार कळत नाही. म्हणून रुग्णाच्या नीलेत आयोडीनयुक्त द्रव टोचतात. आयोडीन क्ष-किरणांना अडविते. त्यामुळे जेथे रक्त अधिक, तेथे चित्र अधिक उजळते. द्रव टोचल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या सुमारास मूत्रपिंडाचा बाह्य थर प्रथम उजळतो. दीड मिनिटाच्या सुमारास सर्व मूत्रपिंड सारखे उजळलेले दिसते. या निरनिराळ्या क्षणी घेतलेल्या चित्रांची तुलना केली असता अर्बुदात रक्त किती वेगाने शिरते व किती वेगाने ओसरते, याचा अंदाज येतो.

साखळीचे दुवे

आता वरील दोन कथा एकत्र जोडू. स्वच्छपेशी अर्बुदात व्हीएचएल निकामी, म्हणून रक्तवाहिन्यांचे जाळे दाट. जाळे दाट, म्हणून आयोडीनयुक्त रक्त भराभर शिरते. म्हणून पहिल्या टप्प्यातील चित्रात हे अर्बुद झगझगीत उजळते व पुढे लवकर फिके होते. त्याच्या अंतर्भागात रक्तस्राव झालेले व मृत झालेले भागही असतात. त्यामुळे ते एकसारखे न दिसता ठिकठिकाणी कमीअधिक उजळलेले दिसते. याउलट अंकुरकी अर्बुदात रक्तवाहिन्या विरळ असतात. ते मंदपणे व थोडेसेच उजळते आणि पुष्कळदा एकजिनसी दिसते. क्रोमोफोब अर्बुद सामान्यतः या दोहोंच्या मधले असते.

चुंबकीय अनुस्पंदनाच्या म्हणजेच एमआरआयच्या चित्रातही असाच एक दुवा सापडतो. स्वच्छपेशी अर्बुदाच्या पेशींतील मेदाचे सूक्ष्म थेंब डोळ्यांना दिसत नाहीत; परंतु मेद व पाणी यांतील हायड्रोजनचे संदेश परस्परांविरुद्ध जातील अशा क्षणी चित्र घेतले, तर अर्बुदाचा उजेड एकदम घटतो. जो मेद काचपट्टी तयार करताना विरघळून गेला होता, त्याची साक्ष येथे जिवंत शरीरात मिळते.

अशा रीतीने प्रमुख प्रकार ओळखण्यास चित्राची मोठी मदत होते. तरीही नियम सर्वत्र लागू पडत नाही. ऑन्कोसायटोमा नावाचे एक निरुपद्रवी अर्बुदही चित्रात तेजस्वी उजळते व कर्करोगासारखे भासते. अशा वेळी केवळ चित्रावर विसंबून चालत नाही.

एकाच प्रकारातील भेद

संशोधकांचा पुढील प्रश्न अधिक कठीण होता. सर्व स्वच्छपेशी अर्बुदे सारखी नसतात. काही वर्षानुवर्षे सौम्य राहतात, तर काही शीघ्र पसरतात. या भेदामागेही जनुके आहेत. तिसऱ्या गुणसूत्राच्या त्याच आखूड भुजेवर, व्हीएचएलच्या शेजारच्या प्रदेशात, पीबीआरएम१, बीएपी१ व एसईटीडी२ ही आणखी तीन जनुके आहेत. भुजा नाहीशी झाली की, या चारही जनुकांची एकेक प्रत एकदमच जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे दिसते की, पुष्कळ रुग्णांत ही पहिली हानी बालपणी किंवा कुमारवयातच, रोग लक्षात येण्यापूर्वी कित्येक दशके झालेली असते. त्यानंतर उरलेल्या प्रतींपैकी कोणती बिघडते, यावर अर्बुदाचा स्वभाव ठरतो. पीबीआरएम१ सुमारे ४० टक्के अर्बुदांत बिघडलेले असते. बीएपी१ त्याहून कमी, सुमारे १० ते १५ टक्क्यांत. परंतु ते बिघडलेले असल्यास रोग अधिक आक्रमक असतो.

हे भेद चित्रात उमटतात काय? २०१४ साली न्यूयॉर्क येथील संशोधकांनी स्वच्छपेशी कर्करोगाच्या २३३ रुग्णांची सीटी चित्रे व त्यांच्या अर्बुदांतील जनुकीय बिघाड यांची तुलना प्रसिद्ध केली. व्हीएचएल बिघडलेल्या अर्बुदांची कड रेखीव असण्याचे, ती गाठीगाठींनी उजळण्याचे आणि त्यांत ठळक रक्तवाहिन्या दिसण्याचे प्रमाण अधिक आढळले. बीएपी१ किंवा केडीएम५सी बिघडलेले असल्यास अर्बुद मूत्रपिंडाच्या नीलेत शिरल्याच्या खुणा अधिक आढळल्या. ज्या अर्बुदांचा बहुतेक भाग द्रवाने भरलेल्या अनेक पोकळ्यांचा होता, त्यांत बीएपी१, केडीएम५सी व एसईटीडी२ यांचे बिघाड आढळलेच नाहीत. २०१५ साली अमेरिकेतील सार्वजनिक संग्रहातील शंभराहून किंचित अधिक रुग्णांच्या चित्रांवरून दुसऱ्या एका गटाने असे दाखविले की, बीएपी१ बिघडलेल्या अर्बुदांची कड अस्पष्ट असते व त्यांत चुन्याचे कण साठलेले असण्याचा संभव अधिक असतो.

येथे वाचकाने एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा. व्हीएचएलपासून उजळ चित्रापर्यंतच्या साखळीतील प्रत्येक दुवा प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. तेथे आपण कारणावरून परिणामाकडे जातो. बीएपी१ आणि अस्पष्ट कड यांच्या बाबतीत मात्र हाती आहे ते केवळ साहचर्य. दोन गोष्टी वारंवार बरोबर दिसतात, एवढेच आपण जाणतो. साहचर्य हा शोधाचा प्रारंभ असतो. त्याला शोधाचा शेवट समजणे धोक्याचे आहे.

यंत्राची दृष्टी

तज्ज्ञाचा डोळा कड, उजेड, पोकळ्या अशा काही डझन गोष्टी पाहतो. गणकयंत्र त्याच चित्रातील अंकांवरून शेकडो मापे काढू शकते. अर्बुद किती गोल आहे, शेजारशेजारच्या बिंदूंचे अंक किती मिळतेजुळते आहेत, पोत खडबडीत आहे की गुळगुळीत, ही सर्व मापे अंकांत मांडता येतात. चित्राच्या पोताचे असे गणित रॉबर्ट हॅरालिक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ सालीच मांडले होते. २०१२ सालाच्या सुमारास वैद्यकीय चित्रांतून अशी मापे मोठ्या संख्येने काढण्याच्या पद्धतीस 'रेडिओमिक्स' हे नाव मिळाले. पुढे यंत्रांना हजारो चित्रे दाखवून त्यांच्याकडूनच भेद शिकवून घेण्याचे प्रयत्नही झाले.

तथापि मापांची संख्या जितकी वाढते, तितका फसगतीचा संभवही वाढतो. समजा, एखाद्याने चित्राची २० लक्षणे व ५ जनुके घेतली. त्यांच्या १०० जोड्या होतात. शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगाने दिसेल इतपत संबंध पुरेसा मानला, तर कोणताही खरा संबंध नसतानाही सुमारे ५ जोड्या 'सिद्ध' झाल्यासारख्या दिसतील. मापे शेकडो असतील व रुग्ण शंभरच असतील, तर अशा खोट्या संबंधांची गर्दी होते. म्हणून एका रुग्णालयात सापडलेला संबंध दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या रुग्णांत पुन्हा आढळतो किंवा नाही, ही कसोटी अटळ आहे. यंत्र बदलले, द्रव टोचल्यानंतरचा क्षण बदलला किंवा चित्राच्या कापांची जाडी बदलली, तरी पोताची मापे बदलतात. या शास्त्रातील प्रारंभीच्या कार्याचा मोठा भाग अमेरिकेतील रुग्णालयांच्या संग्रहांवर आधारलेला आहे. आपल्या देशातील रुग्णांना ते निष्कर्ष लावण्यापूर्वी त्यांची येथे कसोटी घेतली पाहिजे, हे उघड आहे.

टक्केवारीचा अर्थ

आणखी एक हिशेब शाळकरी विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिले आहेत. स्वच्छपेशी अर्बुद असलेले १००० रुग्ण घ्या. त्यांपैकी १०० जणांत बीएपी१ बिघडलेले आहे. चित्रातील एखादे लक्षण या १०० पैकी ६० जणांत दिसते. बाकीच्या ९०० जणांपैकी मात्र २० टक्क्यांत, म्हणजे १८० जणांत दिसते. लक्षण आणि जनुक यांचा संबंध येथे निःसंशय खरा आहे. एका गटात ते तिप्पट प्रमाणात आढळते. परंतु ज्यांच्या चित्रात हे लक्षण आहे असे एकूण रुग्ण २४०, आणि त्यांपैकी जनुक बिघडलेले केवळ ६०. म्हणजे लक्षण पाहून 'जनुक बिघडले आहे' असे म्हणणारा वैद्य चारांपैकी तीन वेळा चुकेल. समूहाविषयी खरे असलेले विधान एका व्यक्तीविषयी निकाल देण्यास पुरत नाही, ही गोष्ट या हिशेबावरून स्पष्ट होते.

सुईचे टोक आणि संपूर्ण अर्बुद

एवढ्या अडचणी असतील तर चित्राच्या मागे लागावे तरी कशाला, सुईने अर्बुदाचा तुकडा काढून जनुके थेट का तपासू नयेत, असे कोणी विचारील. सुईने काढलेल्या तुकड्याची परीक्षा आजही मोलाची आहेच. परंतु तिलाही मर्यादा आहे. २०१२ साली लंडन येथील संशोधकांनी मूत्रपिंडाच्या एकाच अर्बुदाच्या निरनिराळ्या भागांतून अनेक तुकडे काढून त्यांची तुलना केली. एकूण बिघाडांपैकी सुमारे दोन-तृतीयांश बिघाड सर्व भागांत समान नव्हते. व्हीएचएलचा बिघाड सर्वत्र सापडला. मागाहून झालेले बिघाड मात्र कोठे होते, कोठे नव्हते. एखाद्या वृक्षाचे खोड एक असून फांद्या वेगवेगळ्या दिशांनी फुटाव्यात, तशी अर्बुदाची वाढ झालेली होती. सुई ज्या फांदीला टोचली, तिचीच वार्ता ती आणते. चित्रात मात्र संपूर्ण अर्बुद दिसते, आणि शरीराला इजा न करता ते पुन्हा पुन्हा घेता येते. सुईने कोठे टोचावे हे चित्राने सांगावे आणि चित्राचा अर्थ खरा की खोटा हे सुईने ठरवावे, असे या दोहोंचे सहकार्य होणे इष्ट आहे.

चित्रातील सावल्यांवरून जनुकाचे अनुमान करण्याऐवजी जनुकीय बिघाडाच्या परिणामालाच चित्रात प्रकट करण्याचा मार्गही आता उपलब्ध होत आहे. व्हीएचएल निकामी झाल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर सीए-९ नावाचे एक प्रथिन विपुल प्रमाणात येते. या प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार करून त्याला झिर्कोनियम-८९ या किरणोत्सर्गी धातूची जोड दिली, म्हणजे पीईटी चित्रात स्वच्छपेशी अर्बुद स्वतःच उजळून दिसते. अनेक देशांतील रुग्णालयांत केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८४ रुग्णांच्या चित्रांची तुलना शस्त्रक्रियेनंतरच्या ऊतकपरीक्षेशी करण्यात आली. स्वच्छपेशी अर्बुद असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८६ जणांत ते या चित्राने ओळखले; आणि नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ८७ जणांत ते नाही, हेही अचूक सांगितले. या यशाचे मर्म असे की, येथे साखळीचा दुवा अनुमानाने जोडलेला नसून ठाऊक असलेल्या दुव्यालाच खूण केलेली आहे.

हे कशासाठी?

या सर्व प्रयत्नांचे मोल रुग्णाच्या शय्येजवळ ठरते. फॉन हिप्पेल-लिंडाउ विकार असलेल्या व्यक्तीच्या दोन्ही मूत्रपिंडांत आयुष्यभर नवी नवी अर्बुदे होत राहतात. प्रत्येक अर्बुद दिसताच काढावयाचे ठरविले, तर थोड्याच शस्त्रक्रियांत मूत्रपिंडच उरणार नाही. ३ सेंटिमीटरहून लहान असताना ही अर्बुदे सहसा अन्यत्र पसरत नाहीत, असा अनुभव असल्यामुळे तोवर चित्रे घेऊन त्यांवर नजर ठेवण्याची रीत रूढ झाली आहे. २०२१ सालापासून तर एचआयएफ प्रथिनाच्या एका रूपाला थेट अडविणारे बेल्झुटिफान हे औषध या विकारासाठी अमेरिकेत मान्य झाले आहे. जनुक कळले, म्हणूनच हे औषध शोधता आले.

आता याच्या उलट स्थिती पाहा. एफएच नावाच्या जनुकात वारशाने बिघाड असलेल्या व्यक्तीच्या मूत्रपिंडात उद्भवणारे अर्बुद लहान असतानाच पसरू शकते. चित्रात ते कधी कधी साध्या द्रवपोकळीसारखे निरुपद्रवी भासते. त्याला ३ सेंटिमीटरचा नियम लावणे प्राणघातक ठरेल. ते दिसताच काढावे लागते. म्हणून अशा कुटुंबांतील मुलांची आठ ते दहा वर्षांच्या वयापासून दर वर्षी एमआरआय तपासणी करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. दोन गाठी, दोन्ही दोन सेंटिमीटरच्या. एकीसाठी थांबणे हा उपचार, तर दुसरीसाठी थांबणे हाच अपाय. हा भेद चित्राच्या तेजावरून नेहमी कळत नाही. त्यासाठी रुग्णाचे वय, त्याच्या आईवडिलांचा व भावंडांचा आजार, त्वचेवरील गाठी यांची विचारपूस करावी लागते आणि आवश्यक तेव्हा जनुकपरीक्षा करावी लागते.

यावरून चित्र-जनुक-संबंधशास्त्राचे योग्य स्थान ध्यानात येईल. ऊतकपरीक्षेची किंवा जनुकपरीक्षेची जागा ते आज घेऊ शकत नाही. परंतु कोणत्या रुग्णाची अधिक चौकशी करावी, अर्बुदाच्या कोणत्या भागातून तुकडा घ्यावा आणि उपचार चालू असताना रोग कोणती दिशा घेत आहे, हे ठरविण्यास ते उपयोगी पडू लागले आहे. ज्या ठिकाणी जनुकापासून चित्रापर्यंतचा प्रत्येक दुवा उलगडला आहे, तेथे चित्रावर भिस्त ठेवता येते. जेथे केवळ साहचर्य हाती आहे, तेथे चित्र प्रश्न सुचविते आणि उत्तर अन्यत्र शोधावे लागते. ग्राविट्झच्या काळी वैद्यांना अर्बुदाची ओळख त्याचा छेद घेतल्यावरच पटत असे. आज शरीराला धक्का न लावता त्याच्या अंतरंगाचा बराचसा परिचय होतो. तो परिचय कोठे पुरेसा आहे व कोठे अपुरा, याचे भान राखून त्याचा उपयोग केला, तर अनेकांचे मूत्रपिंड व अनेकांचे प्राणही वाचतील.